तर्रीखालचा रस्सा

कुंदा कोहाडला अलीकडे गिऱ्हाइकांचा तिटकारा यायला लागला होता. खानावळवालीला असला तिटकारा परवडत नाही, हे काय तिला कळत नव्हतं? पण समोर येऊन बसणारी जमातच तशी होती. नागपुरातल्या तिच्या सावजी भोजनालयात एकेकाळी माणसं जेवायला यायची. पहिल्या घासाला नाक पुसायची, दुसऱ्याला कपाळ, मग पाण्याचा गडू शोधायची आणि तरीही ‘वहिनी, थोडा रस्सा वाढा’ म्हणून वाटी पुढे करायची. तो घाम, ते सुस्कारे हीच कुंदाची शाबासकी. आणि आताची ही मंडळी बघा! जिभेवर पट्टी चिकटवायची, वाडगा तोंडाला लावायचा, आणि ताक प्यावं तसा रस्सा घटाघट पिऊन मोकळं व्हायचं. डोळ्यांत टिपूस नाही, कपाळाला घाम नाही. डोक्यावर भिंगरी मात्र सतत घरघरत असायची. भिंगरी म्हणजे तळहाताएवढा उडता कॅमेरा. बोटातल्या अंगठीने खूण केली की ती त्या दिशेला जाऊन टिपायला लागते. आता शाळकरी पोरांकडेही भिंगऱ्या होत्या.

एका दुपारी भोपाळहून आलेल्या एका तरुणाने असाच वाडगा रिकामा केला आणि कुंदाने, सवयच ती, त्याला विचारलं, कसा झाला रस्सा? तो म्हणाला, चवीचं जाऊ द्या काकू, व्हिडिओ झकास आला. कुंदाच्या अंगाचा तिळपापड झाला. तिने वाडगा उचलला, त्याची पिशवी उचलून त्याच्या मांडीवर टाकली आणि त्याला दार दाखवलं. तो हसत हसत बाहेर पडला, कारण तेसुद्धा भिंगरीने टिपलं होतं.

‘आई, तू ना सगळ्यांना असंच हाकलून देशील एक दिवस,’ गल्ल्यापाशी उभी असलेली स्वरांगी म्हणाली. स्वरांगी तिची एकुलती एक लेक, पंचविशीतली. आणि खरं सांगायचं तर या सगळ्या जत्रेची यजमानीणही तीच होती.

जत्रा सुरू कशी झाली ते ऐका. कुंदाचा नवरा सुखदेव याने आयुष्यभर खर्रा खाल्ला. पानठेल्यावर उभं राहायचं, सुपारी-तंबाखू-चुना प्लॅस्टिकच्या पन्नीत घोटून घ्यायचा आणि गालात दाबायचा. नागपुरात हे इतके लोक करतात की कोणी त्याला व्यसन म्हणतच नाही. मग गालाच्या आत चट्टा आला, चट्ट्याचा कॅन्सर झाला, ऑपरेशन झालं, वरून किरणोपचार. कॅन्सर गेला, पण तोंड आतून सोलून निघालं. पाण्याचा घोटसुद्धा निखाऱ्यासारखा लागायचा. ज्याच्या घरी रोज भलंमोठं पातेलं, म्हणजे गंज, भरून रस्सा उकळतो, तो माणूस नाकातल्या नळीतून पातळ पेज घेऊन महिनोन्‌महिने जगत होता. पंगत बसली की तो मागच्या खोलीचं दार लावून घ्यायचा, वास नको म्हणून.

तेव्हा डॉ. इंगोल्यांनी त्याला ‘निवांत’ पट्टी दिली. इंगोले कॅन्सरचे डॉक्टर, आणि पट्टी शोधणाऱ्या गटातलेही एक. गोष्ट त्यांनी सोपी करून सांगितली होती. आपल्या जिभेवर, घशात, अन्ननलिकेत मज्जातंतूंची टोकं असतात आणि त्या टोकांवर प्रथिनांची चिमुकली दारं. तोंडात जखम असली, की ही दारं जराशा धक्क्याने सताड उघडतात आणि मेंदूकडे आग लागल्याची वर्दी जाते. मिरचीतलं तिखट द्रव्यही हेच दार उघडतं. म्हणून तिखट खाल्लं की भाजल्यासारखं होतं, प्रत्यक्षात भाजलेलं काहीच नसतं. ‘निवांत’ पट्टी जिभेवर विरघळते, लाळेबरोबर ओठांपासून घशापर्यंत पसरते आणि या दारांना काही तास कुलूप घालते. दार बंद, वर्दी बंद. रोगी जेवू शकतो.

आणि सुखदेव जेवला. पट्टी लावून त्याने पहिल्यांदा काय मागितलं, तर बायकोच्या हातचा रस्सा. कुंदाने तो ताटात पसरून चांगला निववला, त्यात भाकर कुस्करली, आणि हाताने भरवलं. तो एकेक घास घोळवून खात होता आणि रडत होता. कुंदाही रडत होती. स्वरांगीने ते टिपलं. तिने ते प्रेमाने टिपलं होतं, त्यात खोट नाही. पण ते जगासमोर टाकताना तिने खाली एक ओळ लिहिली: ‘माझ्या बाबांनी खाल्लं. तुमच्यात आहे का दम?’

त्या एका ओळीने घात केला. आधी नागपुरातल्या पोरांनी दम दाखवला, मग अख्ख्या महाराष्ट्राने, मग कुठकुठल्या देशांतल्या लोकांनी. पट्टी आधी डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळायची. मग पट्टी बनवणाऱ्या कंपनीने सौम्य प्रकार म्हणून तीच वस्तू पुदिन्याच्या स्वादात काढली आणि ती पानठेल्यावर लटकायला लागली, खर्ऱ्याच्या शेजारी. या खेळाला ‘सावजी वाडगा’ असं नाव पडलं. नियमही ठरले. भाकर नाही, भात नाही, पाणी नाही. काठोकाठ वाडगा एका दमात प्यायचा आणि चेहऱ्यावरची सुरकुती हलू द्यायची नाही. ज्याला खरा मान हवा तो नागपूरला येऊन कोहाडांकडेच पिणार. स्वरांगीला रस्त्यात लोक थांबवू लागले. खानावळीच्या धुरात वाढलेली, कॉलेजात जिच्या कपड्यांना मसाल्याचा वास येतो म्हणून पोरी नाक मुरडायच्या, ती पोरगी. तिला ते आवडलं, यात नवल ते काय?

कुंदा कुरकुरत होती, पण वाढत होती. ती थांबली ती वर्ध्याच्या अंकुश वानखडेमुळे. फार्मसीच्या शेवटच्या वर्षाचा मुलगा, बोलायला गोड. वाडगा संपवून ‘एकदम माइल्ड आहे हो’ म्हणाला, वाकून नमस्कार करून गेला. वर्ध्याच्या बसमध्ये त्याचा आवाज बसला, मग श्वास घरघरायला लागला, आणि बुटीबोरीच्या पुढे तो निळा पडला. दवाखान्यात त्याच्या गळ्याला भोक पाडून नळी घातली म्हणून वाचला. पुढे तो बोलू शकेल की नाही, हे कोणी छातीठोकपणे सांगत नव्हतं. कंपनीने पत्रक काढलं, त्याला म्हणे मसाल्याची ॲलर्जी होती.

डॉ. इंगोले खानावळीत आले, तेव्हा दुपारची पंगत उठली होती. ते बसलेही नाहीत.

‘त्याला रस्सा किती गरम वाढला होता?’ त्यांनी विचारलं.

‘उकळता,’ कुंदा म्हणाली. ‘आमच्याकडे शेवटची पंगत उठेस्तोवर गंज चुलीवरून उतरवत नाहीत. सासूबाईपासूनची रीत आहे. बाकीची पोरं भिंगरीपुढं बोलत बसतात तोवर वाडगा निवतो, यानं हातात पडताच तोंडाला लावला.’

‘ताई, ते पोरगं आतून भाजलंय. चहाची किटली घशात ओतावी तसं.’

आणि मग त्यांनी गोष्टीचा उरलेला अर्धा भाग सांगितला. तो आधी सांगण्याची वेळ आली नव्हती, कारण रोग्यांना कोणी उकळतं वाढत नाही. तिखटाचं दार आणि चटक्याचं दार वेगळं नसतं. एकच दार. त्रेचाळीस अंशांच्या वर काहीही लागलं की ते उघडतं आणि जीभ मागे सरते, आपण वाटी खाली ठेवतो. चटका ओळखणारी आणखी एकदोन दारं आहेत, पण जखमी तोंडाला पुरता आराम पडावा म्हणून पट्टी त्यांनाही कुलूप घालते. तेव्हा पट्टी लावलेल्या माणसाला मिरची कळत नाही आणि उकळतंही कळत नाही. मिरचीने काही भाजत नाही. उकळत्याने भाजतं. घशाची आतली कातडी ओल्या कागदासारखी सुटते, मागाहून सुजते आणि श्वासाची वाट बंद करते. माणूस तोवर हसत असतो.

‘पण वाफ तरी दिसेल ना डोळ्यांनी,’ असं म्हणता म्हणता कुंदा थांबली. सावजी रश्शावर वाफ कुठे असते? वर बोटभर जवसाच्या तेलाची तर्री असते, लाल-काळी. ते तेल झाकणासारखं बसतं, खालच्या पाण्याला वाफ होऊन उडू देत नाही. खाली उकळी फुटत असली तरी वरून रस्सा शांत दिसतो. नेहमीच्या गिऱ्हाइकाला हे ठाऊक असतं. तो भाकरीने तर्री बाजूला सारतो, घास बुडवतो, फुंकर घालतो, मग तोंडात टाकतो. वाडगा तोंडाला लावून रस्सा पिणारा माणूस कुंदाच्या सासूने जन्मात पाहिला नव्हता. आपण त्या गोड पोराला काय वाढलं, हे कुंदाला आत्ता कळलं.

त्या संध्याकाळी घरात मोठं भांडण झालं. कुंदा म्हणाली, वाडगा बंद. स्वरांगी म्हणाली, आपण बंद केला तर लोक दुसरीकडे पितील, कढईतलं तेलही पितील, मग काय करशील? कुंदा म्हणाली, माझ्या घरात नाही पिणार. तेव्हा स्वरांगीने शेवटची गोष्ट काढली, आणि ती खोटी नव्हती. दवाखान्याच्या औषधाच्या दुकानात ‘निवांत’ पट्टी केव्हाचीच संपली होती. पानठेल्यांना पुरवता पुरवता कंपनीला रोग्यांकडे बघायला सवड नव्हती. कोहाडांकडे खोके यायचे ते स्वरांगीच्या नावाने, वाडग्याची जाहिरात होते म्हणून.

‘वाडगा बंद म्हणजे खोके बंद,’ ती म्हणाली. ‘मग बाबाले पुन्हा नळी लाव. तू लावशील?’

मागच्या खोलीत सुखदेव वरणभात खात होता. चमच्याचा आवाज येत होता.

मग तिने बाईमाणसं करतात तेच केलं. तोंडाने हो म्हणाली आणि हाताने आपलं चालवलं. मागच्या ओट्यावर तिने दुसरा गंज ठेवला, चुलीपासून लांब. सकाळीच रस्सा त्यात काढून ठेवायचा आणि पट्टीवाल्याचा वाडगा त्यातून भरायचा. वरून तर्री सोडली की ओळखू येण्याची सोयच नव्हती. आणि पिणाऱ्याला कळण्याचा प्रश्नच नव्हता. ज्या जिभांना उकळतं कळत नव्हतं, त्यांना कोमटही कळत नव्हतं. सासूची रीत मोडताना तिच्या जिवाला लागलं, पण त्यानंतर कोहाडांच्या दारातून एकही माणूस भाजून गेला नाही. इतर गावांतून बातम्या येत होत्या. सोलापुरात दोघं, नाशकात एक बाई, तीही दोन लेकरांची आई. कुंदा ते ऐकायची आणि डाव मागच्या गंजाकडे वळवायची.

हे उघडं पाडलं परितोष नावाच्या एका इसमाने. त्याचं काम काय, तर असे खेळ जिथे चालतात तिथे जायचं आणि लबाडी पकडायची. या कामाला आता पुष्कळ मान आहे. त्याने वाडगा घेतला, तोंडाला लावायच्या आधी खिशातून उष्णता मोजायचं यंत्र काढलं आणि त्याची सुई रश्शात बुडवली. आकडा भिंगरीपुढे धरला. न्हाणीतलं पाणी यापेक्षा कढत असतं, असं तो म्हणाला. मग तो मागच्या ओट्यापर्यंत गेला आणि दुसरा गंजही दाखवला.

संध्याकाळपर्यंत ‘कोमट कोहाड’ हे नाव जगभर झालं. लोकांनी काय काय लिहिलं ते इथे सांगण्यासारखं नाही. ज्यांनी कोहाडांकडे वाडगा पिऊन मान मिळवला होता, ते तर चवताळून उठले. त्यांचा मान कोमट निघाला होता ना! त्यांचा जीव वाचला होता, हे त्यांच्यातल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही. दारावर कोणीतरी शेण फेकून गेलं. सुखदेवच्या जुन्या व्हिडिओखाली लोक लिहू लागले की याचा कॅन्सरही खोटाच असणार.

स्वरांगीने आईला शिव्या दिल्या नाहीत. ती नुसती तिच्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, ‘तू मले लाज आणली.’

‘मी पोरं वाचवली.’

‘तुले कोणी सांगितलं होतं वाचवायला? ते आपल्या मर्जीनं येऊन राहिले ना? तू मले एका शब्दानं सांगितलं नाही. मी जगापुढं छाती ठोकून सांगत होती, आमचा रस्सा उकळता आहे म्हणून.’

‘सांगितलं असतं तं ऐकलं असतं तू?’

त्याच रात्री स्वरांगीने जाहीर करून टाकलं. येत्या रविवारी, भर दुपारी, खानावळीच्या अंगणात, चुलीवरच्या गंजातून सगळ्यांसमोर वाडगा भरून ती स्वतः पिणार. परितोषने यावं, सुई बुडवावी, हवं तर उकळीचे बुडबुडे मोजावेत.

कुंदाच्या तोंडचं पाणी पळालं. ती पोलीस ठाण्यात गेली. तिथल्या बाईंनी ऐकून घेतलं आणि स्वतःच्या घरचा रस्सा पिणं गुन्ह्यात बसत नाही असं सांगितलं. डॉ. इंगोल्यांनी स्वरांगीला फोन करून अंकुशच्या नळीचं वर्णन ऐकवलं. ती म्हणाली, मी छोटे छोटे घोट घेईन. ते म्हणाले, पहिल्याच घोटाला वाट लागते. तिने फोन ठेवून दिला. मग कुंदा सुखदेवच्या पायाशी जाऊन बसली. तुमचं ती ऐकते, तुम्ही बोला.

सुखदेव फार बोलायचा नाही, बोललं की गाल ओढला जायचा. त्याने लेकीला बोलावलं, उशाखालचं पट्ट्यांचं खोकं काढून तिच्या हातात दिलं.

‘हे घेऊन जा,’ तो म्हणाला. ‘मी आजपासून नळीवर. माझ्या घासासाठी तुझा गळा नको मले.’

स्वरांगी रडली. पण रडता रडता तिने सांगितलं की आता हे बाबांच्या पट्टीसाठी राहिलेलंच नाही. लोक तिला खोटारडी म्हणत होते. ज्यांनी डोक्यावर घेतलं, तेच आता थुंकत होते. एकदा, फक्त एकदा, तिला ते पुसून टाकायचं होतं. सुखदेव भिंतीकडे वळला. त्याने खरोखरच नळी लावून घेतली. पुन्हा सगळी ती पेज, तो नाकातला चिकटपट्टा. कुंदाने घरातलं हे सगळं मुकाट्याने पाहिलं आणि तिला सगळ्यांचा संताप आला. लेकीचा आला, नवऱ्याने इतकी वर्षं चघळलेल्या खर्ऱ्याचा आला, त्या सुईवाल्याचा आला, आणि फोनमध्ये तोंड घालून रविवारची वाट बघणाऱ्या लाखो रिकामटेकड्यांचा तर असा आला की ते समोर असते तर एकेकाच्या कानाखाली वाजवली असती.

रविवारी रस्सा कुंदानेच केला. नकार दिला असता तर कोणीही भाडोत्री आचारी उभा राहिला असता. डाव दुसऱ्याच्या हाती जाण्यापेक्षा आपल्या हाती असलेला बरा. तिने भिवापुरी मिरची भाजली, खसखस, धने, दगडफूल वाटलं, जवसाचं तेल सोडलं. अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. वर भिंगऱ्यांचा नुसता गोंगाट. परितोष आला, सुई बुडवली, आकडा बघून त्याने भुवया उंचावल्या आणि बाजूला झाला. स्वरांगीने जीभ बाहेर काढून पट्टी ठेवली, सगळ्यांना दाखवली आणि ती विरघळेपर्यंत हसत उभी राहिली. तिने नवा कुर्ता घातला होता.

गंजावर तर्री तकाकत होती. वाफेची एक रेघ नव्हती. गर्दीतून कोणीतरी ओरडलं, हा पण कोमटच आहे रे! लोक हसले. स्वरांगीने वाडगा हातात घेतला आणि आईपुढे धरला.

कुंदाने डाव खाली ठेवला.

‘कोमट म्हणता ना?’ ती गर्दीला म्हणाली. ‘मग बघा.’

तिने उजव्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सारल्या आणि मनगटापर्यंत हात गंजात घातला.

तिने मनाशी ठरवलं होतं की हात थोडा वेळ आत ठेवायचा, सगळ्यांना नीट दिसू द्यायचं. पण तसं काही तिच्या हातात नव्हतं. तिच्या कातडीतली दारं सगळी उघडी होती. आग मेंदूपर्यंत पोचायच्या आधीच हात झटक्याने बाहेर आला आणि ती चुलीपाशी कोसळली. एवढ्यातच जे व्हायचं ते झालं होतं. तळहाताची कातडी मोज्यासारखी सुटून बोटांवर लोंबत होती.

पडल्या पडल्या कुंदाने लेकीकडे पाहिलं. स्वरांगीचा चेहरा पांढराफटक झाला होता. वाडगा तिच्या हातातून पडला. आणि मग तिचं बोट हललं. अंगठीचं बोट, जरासं, खाली. भिंगरी लगेच झेपावली आणि कुंदाच्या हाताशेजारी येऊन थांबली. पाती कानाशी घरघरत होती. त्यानंतर स्वरांगी किंचाळली, त्यानंतर ती ‘आई’ म्हणून धावली. क्रम असा होता. कुंदाने तो पाहिला.

जळीत विभागात तिला किती दिवस झाले ते तिने मोजलं नाही. बोटं राहतील, डॉक्टर म्हणाले, पण डाव धरता येईल असं काही त्यांनी सांगितलं नाही. दुखणं तर विचारू नका. झोपेतही ठणका चालू. स्वरांगी रोज यायची, खिचडीचा डबा आणायची, एकेक चमचा फुंकून फुंकून भरवायची. अंगठी तिने काढून ठेवली होती. तिचा गळा शाबूत होता, आवाज शाबूत होता, आणि ती बोलायची तेव्हा कुंदा डोळे मिटून तो आवाज ऐकायची. एवढ्यासाठीच केलं होतं सगळं.

पण मनातलं तिने पोटात ठेवलं नाही. ‘तू आधी बोट हलवलं,’ ती एका सकाळी म्हणाली.

स्वरांगीचा चमचा थांबला. ‘सवयीनं झालं गं आई. मले कळलंच नाही.’

‘तेच तं म्हणून राहिली मी.’

स्वरांगी बराच वेळ खाली मान घालून रडली. मग नाक पुसून तिने आईला एक चांगली बातमी सांगितली. लोकांनी वाडगा सोडला होता. त्या रविवारपासून कोणी रस्सा प्यायल्याचं तिच्या ऐकिवात नव्हतं. पानठेल्यावर पट्ट्या पडून होत्या म्हणून दवाखान्यात पुन्हा मिळू लागल्या होत्या, बाबांनी काल भाकर खाल्ली. कुंदाच्या छातीवरचं ओझं उतरलं. आपला हात गेला तो वाया गेला नाही म्हणायचा. तिने डाव्या हाताने लेकीच्या डोक्यावरून हात फिरवला, आणि पोरीने तो हात धरून गालाशी नेला. घटना घडल्यापासून दोघी पहिल्यांदाच अशा बसल्या होत्या.

तेवढ्यात वॉर्डबॉय एक खाट ढकलत आत आले. शेजारच्या जागेवर लावली. खाटेवर विशीतला एक तरुण होता, उजवा हात कोपरापर्यंत पांढऱ्या बँडेजमध्ये गुंडाळलेला. मागून येणारी नर्स दुसरीला सांगत होती, सकाळपासूनचा हा तिसरा. त्याने मान वळवली, कुंदाला पाहिलं आणि त्याचा चेहरा उजळला.

‘काकू! तुम्हीच ना त्या? मी तुमचंच चॅलेंज केलं.’

कुंदाला आधी कळेचना. ‘काय केलं?’

‘हात. गंजात. सगळेच करून राहिले आता.’ तो अभिमानाने बोलत होता, चेहऱ्यावर वेदनेची खूण नव्हती. ‘तुम्ही तं लगेच काढला ना. मी चांगला ठेवला. पट्ट्या वाटून हाताले चोळल्या होत्या, काहीच नाही लागलं.’

कुंदाने त्याच्या हाताकडे पाहिलं. ते गाठोडं जिथे संपत होतं तिथे बोटांचा आकार नव्हता. ठणका दंडापर्यंत चढत गेला. त्याने डाव्या हाताने चाचपडून उशाजवळची भिंगरी हवेत सोडली, ती घरघरत दोन खाटांच्या मध्ये येऊन थांबली. स्वरांगी ताडकन उठली आणि आईला पाठीशी घालून भिंगरीच्या समोर उभी राहिली.

‘ताई, जरा सरका ना बाजूला,’ तो अजिजीने म्हणाला. ‘काकू येऊनच नाही राहिल्या त्यात.’